दत्या, तुझा तांडेल मी वाचतोय

दत्या, कावळा शिवला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण बाकी कुणी तुला खरं सांगणार नाही. तुझी आई येईल त्याला सांगते की घास ठेवल्या ठेवल्या दत्तान उचललो. खोटं आहे. ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही खाडीच्या घाटावर उभे होतो. समोर तिवरांवर कावळ्यांची ही गर्दी. शेजारच्या कुटुंबाच्या पिंडावर तुटून पडत होते आणि तुझ्याकडे एकही ढुंकून बघेना. सगळे म्हणत होते, काय नशीब बिचाऱ्याचं. मला नशीबबिशीब काही आठवलं नाही, मला तुझा राग आला. जिवंतपणी कुठली गोष्ट पटकन पटली नाही तुला, निदान दहाव्याला तरी माणसांना ताटकळत ठेवायचं नाहीस.

गुरुजी म्हणाले, "त्यांच्या मनात काहीतरी राहिलंय. कुणाला काही बोलायचं असेल तर बोला." मग एकेक जण पुढे आला. तुझा धाकटा भाऊ म्हणाला, आईला मी सांभाळेन, ती माझ्याकडेच राहील. तुझी बायको, स्मिता म्हणाली, तुझा चित्रकलेचा क्लास मी बंद करणार नाही, दुसरे सर बघेन, पोरांना परीक्षेला बसवेन. तुझी आई म्हणाली, "गावाक जाऊन रवळनाथाक नारळ ठेवतंय, ये रे बाबा, घे." कावळे जागचे हलले नाहीत. मग स्मिता माझ्याकडे वळली. डोळे सुजलेले, पण आवाज तोच, बँकेच्या काउंटरवरचा.

"केदार, तू बोल ना. ते तुमचं तांडेलचं काय होतं ते."

"इथे?"

"मग कुठे?"

गेलो पुढे. हात जोडले. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. तुझे अर्धे नातेवाईक कुडाळहून आलेले, सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत, आणि मी त्या भाताच्या गोळ्याला सांगतोय, "दत्या, तांडेल मी वाचेन. जिथे सोडला तिथून, पार शेवटपर्यंत. शिव्या घालत वाचेन, पण वाचेन." काही झालं नाही. एक कावळा उडाला तो पलीकडे गेला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला.

नंतर चहा पिताना तुझ्या मामांनी मला बाजूला घेतलं. "हो तांडेल खंयचो? मालवणचो की देवगडचो?" त्यांना वाटलं, कुणी होडीवाला आहे आणि तुझा त्याच्याशी काही व्यवहार राहिलाय. मी सांगितलं, मामा, तांडेल पुस्तकातला आहे. जपानमध्ये चित्रांच्या गोष्टी छापतात, मांगा म्हणतात त्याला, दर आठवड्याला एक तुकडा, वर्षानुवर्षं. तसल्या एका मारामारीच्या गोष्टीतला पोरगा वल्हं घेऊन लढतो. त्याचं जपानी नाव आमच्या तोंडात बसेना, म्हणून दत्याने त्याला तांडेल करून टाकलं. कॉलेजात असल्यापासून आम्ही दोघं वाचत होतो, मग मी सोडलं, त्याने नाही सोडलं. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मगे तू वाचूचा कित्याक सोडलंस?"

या प्रश्नावर मी तुझ्याशी इतकी वर्षं घसा सुकेपर्यंत भांडलो. मामांना मात्र मी आणखी चहा हवा का विचारलं.

आपल्याला पहिला खंड मुलुंड स्टेशनसमोरच्या रद्दीवाल्याकडे मिळाला होता, आठवतंय ना? इंग्रजीत छापलेला, कव्हर फाटून गेलेलं. आपण तो डावीकडून उजवीकडे वाचला, सरळ, जसं शाळेत शिकवलंय तसं. सुरुवातीलाच जळका धक्का, मेलेली माणसं, मोडलेलं वल्हं. आणि शेवटच्या पानावर एक शेंबडा पोरगा कुणाच्या तरी होडीतून वल्हं चोरतोय. तू म्हणालास, "काय डोकं आहे यार, शेवट आधी सांगून टाकला." पानापानावर आधी माणूस हवेत उडायचा आणि मग त्याला ठोसा बसायचा, तेही आपण स्टाईल म्हणून गोड मानून घेतलं. कँटीनमध्ये चार जणांना पटवून दिलं की गोष्ट सांगावी तर अशी. जपानी पुस्तक उजवीकडून उघडतात हे कळायला पुढे पुष्कळ दिवस गेले. कळलं तेव्हा तू त्या पुस्तकाकडे बघत म्हणालास, "च्यायला, मग हा तर साधाच आहे," आणि तिथेच बसून पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागलास. त्या दिवसापासून तू त्याचा झालास. मी तुझ्यामुळे त्याच्या मागे लागलो, हे मी कधी कबूल केलं नाही, पण तसंच होतं.

आणि गोष्टीत बंदराला वेढा पडला होता ते दिवस. तोपर्यंत मी नोकरीला लागलो होतो, तुझा क्लास सुरू झाला होता. परदेशातली कुणी पोरं घाईघाईत इंग्रजी करून भाग नेटवर टाकायची, तो आला की मी ऑफिसातून थेट तुझ्या क्लासवर यायचो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची पोरं रंगाच्या बशा धुऊन घरी गेली की आपण एकाच स्क्रीनवर डोकी घालून बसायचो. दुसऱ्याशिवाय वाचायचं नाही हे आपलं ठरलेलं होतं. म्हातारा होडीवाला, ज्याने पोराला वल्हं धरायला शिकवलं, तो बंदराच्या तोंडाशी साखळी धरून उभा राहतो आणि आपली माणसं बाहेर पडेपर्यंत सोडत नाही. मग ती दोन पानं. आख्खा पांढरा कागद आणि कोपऱ्यात एक तरंगतं वल्हं. तू मला पुढचं पान उघडू देईनास. म्हणालास, "समुद्र काढलाच नाहीये त्याने. बघ तू. नुसतं वल्हं काढलंय आणि पाणी दिसतंय." मी रडत होतो आणि तू मला कोऱ्या जागेबद्दल शिकवत होतास. मग माझ्याकडे बघितलंस आणि तूही रडायला लागलास. तिशीच्या उंबरठ्यावरचे दोन घोडे. खालच्या मजल्यावरचा वॉचमन येऊन विचारून गेला, सर, काय झालं का घरी?

गोष्ट तिथे संपायला हवी होती. हे मी तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो. म्हातारा गेला, पोराने वल्हं उचललं, बंदर वाचलं. काय राहिलं होतं सांगायचं? पण मालिका तुफान चालत होती, मग कोण सोडतोय. बंदराला वेढा घालणाऱ्या राजाच्या वर आणखी एक राजा निघाला. त्याच्या वर समुद्राखालचा राजा. त्याच्या वर देव. वल्ह्यातून उजेड यायला लागला. एकेक मारामारी सहा-सहा महिने, त्यातही अर्धी पानं नुसत्या रेघा आणि किंकाळ्या. नवीन पात्रं इतकी की नावं लक्षात ठेवायचा मी प्रयत्नच सोडला. दर वेळी मी म्हणायचो, वाट लागली रे याची, आणि दर वेळी तू म्हणायचास, थांब जरा, सावरेल.

मग लेखकाने म्हाताऱ्याला परत आणला.

मी त्या दिवशी तुझ्या क्लासमध्ये खुर्ची आपटली होती. इतकं रडवलं त्याने, इतकी वर्षं आपण त्या दोन पानांवर जगलो, आणि आता म्हणे तो मेलाच नव्हता, खालच्या प्रवाहाने वाहत दुसऱ्या बेटाला लागला होता. "मेला तो मेला, दत्या. मेलेल्याला परत आणला की आधीचं सगळं खोटं होतं." तू शांतपणे ब्रश धूत होतास. म्हणालास, "आला तर आला. तुझ्या घरी जेवायला येतोय का?" मी म्हटलं, प्रश्न जेवणाचा नाही. तू म्हणालास, "मला बरं वाटलं त्याला बघून. झालं." एवढाच तुझा युक्तिवाद. आणि परत आणून त्या म्हाताऱ्याचं केलं काय त्याने? काही नाही. त्याला द्यायला काम नव्हतं, वाक्यं नव्हती. सगळे लढतायत आणि हा मागे उभा, छत्री विसरलेल्या माणसासारखा. त्या दिवशी मी वाचणं सोडलं. तू मला अडवलं नाहीस. फक्त म्हणालास, "मी सांगत जाईन तुला काय काय होतं ते."

आणि सांगत राहिलास. मी नको म्हणत असताना.

मी गोष्टीवरून भांडायचो, तू गोष्टीबद्दल बोलायचाच नाहीस, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. तू त्या लेखकातल्या चित्रकाराकडे बघत होतास. "हल्ली घरं काढत नाही तो. आधी प्रत्येक कौल काढायचा." "ही गर्दी त्याने नाही काढली, हाताखालच्या पोराने काढलीय, चेहरे सगळे एकाच साच्यातले." आणि एकदा नव्या भागातली रिकामी पानं दाखवलीस. मी म्हटलं, घे, तुझी कोरी जागा. तू मान हलवलीस. "नाही रे. तिथे त्याने सोडली होती. इथे त्याच्याकडून भरलीच गेली नाही." मला दोन्ही पांढरीच दिसत होती.

विक्रोळीत तुमच्या मंडळाचा पडदा तू रंगवायचास तेव्हाची गोष्ट पण तीच. बंदराचा भाग आला त्या वर्षी तू गणपतीमागे जवळजवळ सगळा पडदा पांढरा ठेवलास, खाली एक होडी. कमिटीवाले हादरले होते, रंग संपला का म्हणून. पण दर्शनाला आलेली माणसं त्या पडद्यासमोर आपोआप गप्प व्हायची, मी स्वतः बघितलंय. दुसऱ्या वर्षी त्यांना त्याहून भारी हवं होतं. तिसऱ्या वर्षी त्याहून. मग लाइट, मग धूर, मग एका वर्षी सरळ फ्लेक्स छापून आणला आणि तुला देणगीदारांचा फळा लिहायला दिला. मी म्हटलं, जाऊ नकोस आता तिथे, इज्जत आहे का काही? तू फळा लिहिलास. नावं सुरेख, एकसारखी. म्हणालास, "गणपती तोच आहे ना." तेव्हा मला तू बावळट वाटला होतास. तुला तसं तोंडावर म्हणालोही होतो आणि तू हसला होतास.

मग तुझ्या किडन्यांचं सुरू झालं. घाटकोपरच्या त्या डायलिसिस सेंटरला शनिवारी मी तुझ्याबरोबर यायचो. डाव्या हातात सुया, उजव्या हातात फोन, फोनवर तांडेल. बाजूच्या खुर्चीतल्या काकांना वाटायचं तू शेअर बाजार बघतोस. मला तिथला तो फिनेलचा वास आणि मशीनची घरघर सहन व्हायची नाही, म्हणून मी बडबड करायचो, आणि बडबड म्हणजे तांडेलला शिव्या. एका शनिवारी तू फोन माझ्या नाकासमोर धरलास. "हात बघ सगळ्यांचे." मी बघितलं. कुणाचे हात पाठीमागे, कुणाचे खिशात, कुणाचे चौकटीच्या बाहेर. "बोटं काढायची टाळतोय तो. हात दुखत असणार त्याचा. किती वर्षं झाली, दर आठवड्याला." मधेमधे सूचना यायची की प्रकृतीच्या कारणाने या आठवड्यात भाग नाही, तेव्हा तू खरंच काळजीत पडायचास. घरातलं कुणी आजारी असावं तसा.

मी म्हटलं, मग थांबावं ना त्याने. कोण जबरदस्ती करतंय? बंदरावर संपवलं असतं तर आज लोकांनी डोक्यावर घेतलं असतं त्याला.

तू फोन खाली ठेवलास. मग म्हणालास, "मी पण तेव्हाच संपायला हवं होतं का रे?"

अगदी साध्या आवाजात. भांडायला नाही, टोमणा नाही. तुला खरंच माझं मत हवं होतं. मी तुझी घसरलेली चादर वर ओढली. तेवढ्यात सिस्टर आली, प्रेशर बघून गेली, तू विषय बदललास. जाताना रिक्षात आपण वडापावबद्दल बोललो, जो तुला बंद होता. त्यानंतर कितीतरी शनिवार मिळाले मला. दर वेळी ठरवून यायचो की आज बोलू, आणि दर वेळी कुणी ना कुणी मधे असायचं, नाहीतर तू झोपलेला असायचास, नाहीतर तू इतका खुशीत असायचास की म्हटलं, कशाला उकरा.

शेवटच्या दिवसांबद्दल मी काही लिहीत नाही. ते तुला माहीत आहे आणि मला आठवायचं नाहीये.

तर आता वाचतोय. म्हाताऱ्याला परत आणला तिथून. ऑफिसात डबा खाल्ल्यावर वाचतो, मुलुंडला भाजी घेऊन सोसायटीच्या बाकावर बसून वाचतो. बायको विचारते, आवडतंय का? नाही आवडत. वाईट आहे, दत्या. मला वाटलं होतं त्याहून वाईट आहे. देवाचा तो सगळा भाग तू कसा काय सहन केलास, हात जोडतो तुला. मधे एक मारामारी आहे, ती कशावरून सुरू झाली हे त्या दोघांनाही आठवत नसणार. माझं मत होतं तेच आहे. तू गेलास म्हणून मी तुला जिंकू देणार नाही.

पण एक सांगतो. तू दाखवलंस ते मला आता दिसतं. एखादं घर त्याने स्वतः काढलेलं असलं की कळतं. मधेच एका चौकटीत दोन हात येतात, पूर्ण, पाचही बोटांसकट, आणि मला वाटतं की चला, त्या आठवड्यात बरा होता. तू असतास तर तुला लगेच फोन केला असता. एकदा केलाही. रिंग वाजली आणि स्मिताने उचलला. मी म्हटलं, चुकून लागला. ती म्हणाली, "असू दे. माझ्याकडूनही जातो." तुझा फोन तिच्याजवळ असतो, अजून सारखा तुझ्यासाठी वाजतो.

आणि तो म्हातारा. मागे उभा असतो, काही करत नाही, काही बोलत नाही. गोष्ट म्हणून सपशेल चूक आहे हे. पण पान उघडलं की मी आधी त्याला शोधतो. गर्दीत कुठेतरी त्याची ती वाकडी टोपी दिसली की बरं वाटतं आणि मग पुढचं वाचतो. तू तेव्हा एवढंच म्हणाला होतास आणि मी खुर्ची आपटली होती.

काल वाचत वाचत मी चालू आठवड्यापर्यंत आलो. भागाच्या शेवटी त्या लेखकाची एक चौकट होती. प्रकृती साथ देत नाही, आता हे शेवटचं पर्व, थोडेच भाग उरलेत, इतकी वर्षं सोबत केलीत, आभारी आहे. इतकंच. मी ते पुन्हा एकदा वाचलं. इतकी वर्षं मीच ओरडत होतो ना, संपव, संपव, लाज असेल तर संपव. आता तो संपवतोय. आणि तो संपला की माझं घाटावरचं वचन पुरं होईल. मग तुझ्यासाठी करायचं असं माझ्याकडे काहीच उरणार नाही. बाकी सगळे म्हणतील, सुटलास बाबा. मला नाही सुटायचं.

मी बाकावर बसून त्या माणसाला मनातल्या मनात विनवत होतो, जो मला ओळखत नाही, ज्याची भाषा मला येत नाही. नको रे बाबा. आणखी एक राजा काढ. त्याच्या वर आणखी एक काढ. घरं काढू नकोस, हात काढू नकोस, वाटेल तेवढ्या रेघा मार. एका आठवड्याचं दोन आठवड्यांनी दे, महिन्याने दे. वाईट दे, चालेल.

तू विचारलं होतंस, तेव्हाच संपायला हवं होतं का. नाही रे दत्या. देणगीदारांचे फळे लिहीत बसला असतास, त्या खुर्चीत सुया टोचून घेत बसला असतास, काही न करता मागे नुसता उभा राहिला असतास, तरी मला तू हवा होतास.